पोत्याच्या पोटातली वानगी

एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या एकवीस शिष्यांसह घाटाच्या पायथ्याशी, एका पेठेच्या गावाबाहेर राहत असत. गाव धान्याचे होते. वरच्या मुलुखातून ज्वारी, गहू, हरभरा बैलांच्या पाठीवर लादून खाली येई आणि खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर जाई. या गावात दोनच गोष्टींना मान आहे, असे लोक थट्टेने म्हणत: एक भरलेल्या पोत्याला आणि दुसरा ते पोते पारखणाऱ्या माणसाला. वैद्यबुवांना या दोन्हींचे फारसे अप्रूप नव्हते. ते आपल्या पडवीत बसून काढे उकळीत, मुळ्या वाळवीत आणि शिष्यांना शिकवीत.

त्यांच्या शिकवण्यात गुपित असे काही नव्हते. ग्रंथ तेच, वनस्पती त्याच. तीन रीती मात्र त्या घरी फार कडक होत्या. रुग्णाने काल काय खाल्ले हे विचारल्याशिवाय त्याला औषध द्यायचे नाही. औषध दिल्यावर त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, रुग्णाला पुन्हा जाऊन बघायचे. आणि दिवेलागणीला सगळ्यांनी अंगणात बसून त्या दिवशी आपले काय चुकले ते मोठ्याने सांगायचे. या तिसऱ्या रीतीची सुरुवात वैद्यबुवा स्वतः करीत. "आज पाटलांच्या मातोश्रींची नाडी बघत होतो, पण लक्ष त्यांच्या परसातल्या फणसाकडे होतं," असे ते गंभीरपणे सांगत. शिष्य हसत आणि मग एकेक जण आपापली चूक सांगे. नवे शिष्य पहिले काही दिवस 'आज काही चुकलं नाही' असे म्हणत. त्यावर वैद्यबुवा एवढेच म्हणत, "म्हणजे आज काही केलं नाहीस."

या एकवीस जणांत वामनभट नावाचा एक शिष्य होता. त्याला सगळे ग्रंथ मुखोद्गत होते, हात हलका होता आणि रूपही देखणे होते. त्याला ओसरीवर नुसते बसलेले बघूनही अर्धे रुग्ण बरे होतात, असे गावातल्या बायका म्हणत. आणि याच एकवीस जणांत रखमाजी होता. त्याच्याबद्दल कुणी काहीच म्हणत नसे, कारण म्हणण्यासारखे काही नव्हते.

रखमाजी तिशी उलटल्यावर वैद्यबुवांकडे आला होता. त्याआधी तो आणि त्याचा थोरला भाऊ बैल घेऊन घाटातून मालाची ने-आण करीत. एका पावसाळ्यात घाटमाथ्याच्या मुक्कामावर भावाला हगवण लागली. वैद्य तिथून दोन दिवसांच्या वाटेवर होता. रखमाजी वैद्याला घेऊन परतला तेव्हा भावाची पथारी गुंडाळून ठेवलेली होती. त्यानंतर त्याने बैल विकले आणि तो वैद्यबुवांच्या दारात येऊन उभा राहिला. सहा वर्षे झाली होती. श्लोक त्याला अजून धडपणे पाठ होत नसत. सकाळी घोकलेले दुपारी निसटून जाई. गुरुजींनी आपल्याला दया म्हणून ठेवून घेतले आहे, अशी त्याची मनोमन खात्री होती. तांदळात एखादा खडा राहून जावा, तसे आपण इथे राहून गेलो आहोत, असे त्याला वाटे.

त्या वर्षी पेठेच्या महाजनांनी एक मोठी गोष्ट मनावर घेतली. घाटाच्या वाटेवर बारा मुक्काम होते. प्रत्येक मुक्कामावर पेठेच्या खर्चाने एकेक वैद्य कायमचा ठेवायचा, असे त्यांनी ठरवले. रखमाजीला ही बातमी कळली, तेव्हा त्याने ती सांगणाऱ्याकडून दोनदा वदवून घेतली. सहा वर्षे उशिरा का होईना, घाटमाथ्यावर वैद्य बसणार होता.

प्रश्न होता, वैद्य कुणाचे घ्यायचे? राजधानीतल्या एका नामांकित वैद्यांनी आपले शिष्य देऊ केले होते. आपले वैद्यबुवा तर गावचेच होते. महाजनांचे मुख्य म्हणजे धान्याचे सर्वांत मोठे व्यापारी, नगरशेट. तीस वर्षे धान्य पारखलेला माणूस. त्यांनी दोन्हीकडे सारखीच चिठ्ठी धाडली: 'आपल्या शिष्यांपैकी एकास वानगीदाखल तीन दिवस पेठेत पाठवावे. वानगी पसंत पडल्यास बाराही मुक्कामी आपलेच वैद्य नेमू.'

आपणही हा शब्द उठताबसता वापरतो. भाषणात म्हणतो, लेखात लिहितो, 'वानगीदाखल एकच उदाहरण देतो'. आणि मग आपल्या सोयीचे, सगळ्यांत देखणे उदाहरण काढून दाखवतो. मीही हे पुष्कळदा केले आहे. ज्या पोत्यातून हा शब्द आपल्याकडे आला, त्या पोत्याकडे आपण कधी वळून बघत नाही.

चिठ्ठी आली त्या सकाळी सगळे शिष्य अंगणात गुळवेलीच्या कांड्या निवडत बसले होते. वैद्यबुवांनी चिठ्ठी वाचून दाखवली. कोण जाणार याबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती. वामनभटाने तर हात पुसून उपरणे नीट केले. तेव्हा वैद्यबुवांनी एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी खांद्यावरचे धोतराचे फडके डोळ्यांवर घट्ट बांधले, काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि चाचपडत शिष्यांच्या घोळक्यात शिरले. दोघातिघांना त्यांचा पाय लागला. बरोबर मध्यावर आल्यावर ते खाली वाकले आणि हाताला जे मनगट लागले ते त्यांनी धरले. डोळ्यांवरचे फडके सोडले, तेव्हा ते मनगट रखमाजीचे होते.

रखमाजीने हळूच मनगट सोडवून घेतले.

"गुरुजी, मी नको," तो म्हणाला. "वामनभटांना पाठवा. माझ्यापायी सगळ्यांचं नुकसान होईल. घाटावर वैद्य बसायचा आहे हो, हे माझ्यावर नका सोपवू."

"तू इथे किती वर्षं आहेस?"

"सहा."

"रोज अंगणात बसतोस ना आमच्याबरोबर?"

"बसतो, पण—"

"मग जा," वैद्यबुवा म्हणाले आणि पुन्हा गुळवेल निवडायला बसले.

पेठेतला पहिला दिवस रखमाजीला वाटला होता त्याहून वाईट गेला. महाजनांच्या बैठकीत चार शास्त्री बसले होते. त्यांनी हिरड्याचे गुण विचारले. रखमाजीने दोन ओळी म्हटल्या आणि तिसरीपाशी तो अडला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडला. कुणीतरी तोंडावर उपरणे धरून हसले. राजधानीहून आलेला शिष्य पलीकडेच बसला होता. त्याने तो सबंध अध्याय असा खणखणीत म्हटला की शास्त्र्यांनी माना डोलावल्या. नगरशेटांनी रखमाजीकडे एकदा नीट बघितले. ते अशा वेळी रागावत नसत. फक्त त्यांच्या भुवया किंचित वर जात आणि त्यांच्याशी व्यवहार करणाऱ्या माणसाला तेवढे पुरे होई.

दुसऱ्या दिवशी दोघांकडेही रुग्ण सोपवण्यात आले. रखमाजीच्या वाट्याला पेठेतला एक म्हातारा हमाल आला. चार दिवस पोट साफ नव्हते, कळा येत होत्या. महाजनांचे दोन कारकून समोर बसलेले होते, भोवती बघ्यांची गर्दी होती. रखमाजीला आदल्या दिवशीची फजिती आठवत होती आणि कधी एकदा हे उरकते असे त्याला झाले होते. त्याने पोट दाबून बघितले, जीभ बघितली, नाडी बघितली, सुंठीच्या काढ्यात एरंडेल घालून म्हाताऱ्याला दिले आणि सुटकेचा निःश्वास सोडला. म्हातारा काठी टेकत घरी गेला.

दिवस कलायला लागला तसा रखमाजी शिरस्त्याप्रमाणे त्याच्या झोपडीत गेला. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. कळा थांबल्या होत्या, पण चेहरा पांढराफटक पडला होता आणि उठायला गेला की त्याला भोवळ येत होती.

"काही नाही हो वैद्यदादा," म्हातारा म्हणाला. "पोट हलकं झालं बघा. ही चक्कर उपासाची. काल एकादशी, अन् परवा बी काय गिळवलं नव्हतं."

दोन दिवस अन्नाचा कण न खाल्लेल्या म्हाताऱ्याला त्याने गड्यामाणसाची मात्रा पाजली होती. काल काय खाल्लेस, हा एक प्रश्न, ज्याच्याशिवाय त्या घरी कुणी चिमूटभर चूर्णही देत नसे, तोच तो विसरला होता.

त्याने स्वतः चूल पेटवली, तांदळाची पातळ पेज केली, मीठ घालून चमच्याचमच्याने म्हाताऱ्याला पाजली. थोड्या वेळाने ओठांवर रंग आला. म्हातारा आपल्या पायांनी दारापर्यंत चालत गेला तेव्हा रखमाजी उठला. निघताना तो म्हणाला, "बाबा, ती चक्कर उपासाची नव्हती. माझी चूक होती. मी विचारायला हवं होतं."

"असू दे की," म्हातारा म्हणाला. "कुणाला सांगू नगंस. तुजं काम जाईल."

तिसऱ्या दिवशी बैठक भरली. राजधानीच्या शिष्याने आपला रुग्ण ठीक असल्याचे सांगितले. त्याच्याकडून तीन दिवसांत एकही चूक झाली नाही, निदान त्याने कुणाला सांगितली तरी नाही. मग रखमाजीची पाळी आली. कारकुनांच्या कागदावर त्याचा रुग्ण बरा झाल्याचे लिहिलेले होते. गप्प बसून नमस्कार केला असता तरी चालले असते. उभे राहताना ही गोष्ट त्याच्या मनात एकदा नव्हे, दहादा आली. घाटमाथा डोळ्यांसमोर आला, भावाची गुंडाळलेली पथारी आली. एका माणसाच्या तोंडून निघालेल्या दोन वाक्यांनी बारा मुक्काम हातचे जाणार होते. पण सहा वर्षे रोज दिवेलागणीला जे केले, ते त्याच्या अंगात इतके मुरले होते की जीभ दुसरे काही बोलायला तयारच होईना.

"काल माझं चुकलं," तो म्हणाला, आणि त्याने सगळे सांगितले.

बैठकीत कुजबुज सुरू झाली. शास्त्र्यांनी एकमेकांकडे बघितले. नगरशेटांनी कारकुनाला जवळ बोलावून चार शब्द लिहवून घेतले आणि ती चिठ्ठी रखमाजीच्याच हाती दिली. वैद्यबुवांना द्यायची होती. तीत लिहिले होते: 'अशी वानगी असेल तर माल नको.'

ती चिठ्ठी घेऊन घरी येणे रखमाजीला घाट चढण्याहून अवघड गेले. वैद्यबुवांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि कमरेला खोचली. बाकीचे आपापल्या कामाला लागले. वामनभट तर उठून आत गेला. रखमाजीने आपले दोन पंचे आणि तांब्या बांधून घेतला आणि तो गुरुजींच्या पाया पडायला आला.

"कुठे निघालास?"

"जातो, गुरुजी. मी सगळ्यांचं वाटोळं केलं."

"उद्या सकाळी मला पेठेत जायचंय," वैद्यबुवा म्हणाले. "सोबतीला कुणीतरी लागेल. ते गाठोडं ठेव आत."

दुसऱ्या दिवशी दोघे नगरशेटांच्या दुकानी पोचले, तेव्हा तिथे सौदा चालू होता. वरच्या मुलुखातला एक व्यापारी गव्हाची पोती उतरवून उभा होता. त्याने एका पोत्याचे तोंड सोडले, वरचे गहू ओंजळीत घेऊन शेटजींपुढे धरले. गहू टपोरा आणि सोनेरी होता. शेटजींनी त्या ओंजळीकडे नजरही टाकली नाही. त्यांनी आपली टोकदार पोकळ सळई उचलली, पोत्याच्या बरोबर पोटात खुपसली, फिरवली आणि बाहेर काढली. सळईतून आलेले मूठभर दाणे त्यांनी तळहातावर पसरले, वास घेतला, एक दाणा दाताखाली फोडला.

"शेटजी," वैद्यबुवा म्हणाले, "हे गृहस्थ एवढे चांगले गहू हातावर धरून उभे आहेत. ते का नाही घेतलेत?"

शेटजी हसले. वैद्यांना धान्यातले काय कळणार, असा त्या हसण्याचा अर्थ होता. "बुवा, पोत्याच्या तोंडाशी सगळेच चांगला माल ठेवतात. तोंडावरची मूठ घेऊन पारख करायची तर मग आमची गरजच काय? वानगी काढायची ती पोटातून, आणि तीही न बघता. डोळ्याला आवडेल ते उचललं तर ती वानगी कसली?"

एवढे बोलून ते थांबले. हातातले दाणे तसेच राहिले. त्यांची नजर वैद्यबुवांवरून मागे उभ्या असलेल्या रखमाजीकडे गेली आणि पुन्हा वैद्यबुवांवर आली. मग वैद्यबुवा बोलले.

"शेटजी, तुम्ही 'उत्तम शिष्य पाठवा' असं लिहिलं असतंत तर मी वामनभटाला पाठवलं असतं. तुम्ही वानगी मागितलीत. शब्द तुमच्या पेठेचा, म्हणून मी तो तुमच्याच अर्थानं घेतला. डोळे बांधले आणि मधोमध हात घातला. जाणते लोक सांगतात, हा शब्द 'वर्ण' या शब्दापासून आला. वर्ण म्हणजे रंग. सोनार कसोटीवर सोनं घासतो, तेव्हा एक बारीक रेघ उमटते, आणि त्या रेघेच्या रंगावरून सगळ्या सोन्याचा कस ठरतो. रेघ कुठल्या कडेनं ओढली हे कुणी विचारत नाही. कुठूनही ओढली तरी रंग तोच यायला हवा. वानगी म्हणजे मालातला सर्वांत चांगला दाणा नव्हे, शेटजी. वानगी म्हणजे सगळ्या मालाचा रंग."

शेटजींनी दाणे पुन्हा पोत्यात टाकले. ते व्यापारी होते, एवढ्याने विरघळणारे नव्हते.

"पटलं," ते म्हणाले. "पण राग मानू नका, बुवा. पोटातल्या वानगीत किडका दाणा निघाला की आम्ही सबंध माल परत करतो. तुमच्या वानगीनं तर स्वतःच्या तोंडानं कबुली दिली."

रखमाजीने मान खाली घातली. त्याच्या मते शेटजींचे म्हणणे शंभर टक्के खरे होते.

"किडका दाणा तुम्ही ओळखता कसा?" वैद्यबुवांनी विचारले.

"फोडून. वरून धडधाकट दिसतो, आत पोकळ असतो."

"म्हणजे तो आपण होऊन सांगत नाही. शेटजी, त्या हमालानं उपासाला दोष दिला होता. तुमच्या कारकुनांनी 'बरा झाला' असं लिहून टाकलं होतं. कुणाला पत्ता लागला नसता. यानं सूर्य मावळायच्या आत जाऊन चूक शोधली, आपल्या हातानं निस्तरली आणि भर बैठकीत, बारा मुक्काम जाताना दिसत असून, सांगितली. घाटमाथ्यावर वैद्य एकटा असणार. तिथे ना शास्त्री, ना कारकून. तिथे चूक झाली तर ती त्याच्याखेरीज कुणाला कळणार आहे? न चुकणारा वैद्य तुम्हाला हवा असेल तर तो माझ्याकडे नाही. मी स्वतःही तसा नाही. पण हा जसा आहे तसे माझ्याकडे एकवीस आहेत. पोतं उघडं आहे. सळई तुमची आणि हातही तुमचा."

शेवटची वाक्ये बोलताना वैद्यबुवांची वाकलेली पाठ ताठ झाली होती. सहा वर्षांत रखमाजीने त्यांना असे बोलताना कधी ऐकले नव्हते. काढ्याची कितीही वाखाणणी झाली तरी 'निसर्गाचं देणं' म्हणून विषय संपवणारा हा माणूस भर पेठेत छाती काढून उभा होता, आणि तेही कशासाठी, तर त्या एकवीस जणांसाठी. त्यांत आपणही आहोत, ही गोष्ट रखमाजीच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

शेटजी म्हणाले, "मी तीन ठिकाणी सळई घालतो, बुवा. तोंडाशी, पोटात आणि बुडाशी. पोटातली बघितली. दोन राहिल्या."

त्याच दिवशी दिवेलागणीला नगरशेट वैद्यबुवांच्या अंगणात येऊन बसले. शिष्यांना काही पूर्वसूचना नव्हती. रोजच्याप्रमाणे सुरुवात वैद्यबुवांनी केली.

"आज मी भर पेठेत गर्वानं बोललो," ते म्हणाले.

"ती चूक धरू नका, बुवा," शेटजी म्हणाले. "आपल्या मालाचा एवढाही अभिमान नसेल तर माणसानं पेठेत बसूच नये."

मग त्यांनी बुडाशी हात घातला. "इथे सर्वांत नवं कोण?"

साळूबाई पुढे आल्या. त्या पंचेचाळिशीच्या, जवळच्या वाडीतल्या सुईण होत्या. औषधे शिकायला म्हणून चार महिन्यांपूर्वी आल्या होत्या. एवढ्या मोठ्या शेटजींसमोर बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्या जमिनीकडे बघत बोलल्या. "आज कोहळ्याच्या पाकाखाली जाळ जास्त झाला, पाक करपला. ती एक चूक. मग करपलेलं भांडं मी दोन भांड्यांमागे सारून ठेवलं. ती दुसरी. घटकाभरानं पुढं आणलं, पण सारलं होतं हे खरं."

शेटजींनी मान हलवली. "आणि तोंडाशी कोण? सर्वांत हुशार?"

सगळ्यांच्या नजरा वामनभटाकडे वळल्या. तो उठून उभा राहिला. त्याने उपरणे सारखे केले. त्याला सांगण्याजोगी एखादी साधी चूक सहज सापडली असती. मात्रेतली, कुटण्यातली, गाळण्यातली, कसलीही. रखमाजी त्याच्याकडे बघत होता आणि ती साधी चूकच त्याने सांगावी असे त्याला मनापासून वाटत होते, कारण वामनभटाचा चेहरा फार उतरला होता.

"माझी चूक कालची आहे," वामनभट म्हणाला. "काल सांगायचं धाडस झालं नाही. वानगी म्हणून मलाच जायला हवं होतं, असं मला वाटत होतं. काल रखमाजी ती चिठ्ठी घेऊन परत आला, तेव्हा मला बरं वाटलं. घाटावर वैद्य नसला तरी चालेल, पण तो हरला हे बरं झालं, असं मला वाटलं. घटकाभर तरी वाटलं."

हे बोलून तो खाली बसला. बसल्या जागेवरून त्याने रखमाजीकडे बघितले आणि हात जोडले. रखमाजी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला.

तीस वर्षांत शेटजींनी किती पोती पारखली असतील याची गणती नव्हती. पण तोंडाशी, पोटात आणि बुडाशी एकच दाणा फार थोड्या वेळा त्यांच्या हाती लागला होता. असा माल लागला की चांगला व्यापारी भाव विचारायच्या आधी क्षणभर नुसता खूश होतो. तसे ते खूश झाले होते आणि ते त्यांना लपवता येत नव्हते.

"या अंगणात बसलोय तर माझंही सांगतो," ते शेवटी म्हणाले. "जन्मभर मी दुसऱ्यांना सांगत आलो की नुसत्या तोंडावरच्या मुठीवरून पोतं पारखू नका. आणि माणसं पारखायची वेळ आली तेव्हा मी तोंडावरचीच मूठ मागत होतो, वर तिला वानगी म्हणत होतो. बुवा, बारा मुक्काम तुमचे. कुणाला कुठे पाठवायचं तेही तुम्हीच ठरवा. मी पुन्हा सळई घालायला येणार नाही."

वैद्यबुवांनी मान डोलावली. पुढे कुणाची चूक राहिली आहे, असे विचारून त्यांनी उरलेल्या शिष्यांकडे वळून बघितले, आणि अंगणातले रोजचे काम पुढे चालू झाले.

घाटमाथ्याच्या मुक्कामावर रखमाजीची नेमणूक झाली. श्लोक त्याला पुढेही धड पाठ झाले नाहीत. पण आपण तिथे चुकून राहून गेलेला खडा आहोत, हे त्याच्या मनातून त्या संध्याकाळी जे गेले ते पुन्हा आले नाही. गुरुजींनी डोळे बांधून हात घातला होता, कारण कुठेही हात घातला तरी चालेल याची त्यांना खात्री होती. या खात्रीत आपली गणती आहे, याहून मोठा मान त्याला कुणी देऊ शकले नसते.

माणसे, शाळा, गावे पारखायचा प्रसंग आपल्यावरही येतो, आणि आपली पारख व्हायचाही येतो. तोंडावरची मूठ पुढे करणे सोपे असते. डोळे बांधून कुठेही हात घाला असे ज्याला म्हणता येते, त्याने थोडा अभिमान बाळगला तर मला काही गैर वाटत नाही.

घाटमाथ्यावर पहिल्याच आठवड्यात एक तांडा उतरला. तांड्यातल्या एका माणसाला सपाटून ताप भरला होता. त्याला आत निजवताना तांड्याच्या नायकाने रखमाजीला जरा संशयाने न्याहाळले.

"खालच्या वैद्यबुवांचे शिष्य म्हणे तुम्ही," तो म्हणाला. "त्यांचा एक फार हुशार शिष्य आहे असं ऐकलंय. तो तुम्हीच का?"

"नाही," रखमाजी म्हणाला. "मी त्यांच्यातला एक." आणि रुग्णाच्या उशाशी बसून त्याने विचारले, "काल काय खाल्लं होतंस, बाबा?"